झुबक्या आणि मूठभर ऊब

“ऊब जाते तरी कुठे?”

झुबक्याने आईला विचारलं. आई कामात.
झुबक्याने चिमणीला विचारलं. चिमणी भुर्र.
झुबक्याने वाऱ्याला विचारलं. वारा हसला आणि पळाला.

झुबक्या म्हणजे खारीचं पिल्लू. एवढंस्सं! पाठीवर तीन पट्टे. मागे गोंडेदार शेपूट. झाडाच्या ढोलीत त्याची बाळं होती. म्हणजे त्याची धाकटी भावंडं. गुलाबी गुलाबी. अंगावर केसच नाहीत.

आधी बाळं तीन होती. मग एक गार पडलं. पुन्हा हललंच नाही. आता राहिली दोन.

आई शेंगा आणायला लांब गेली होती. इतक्यात वारा आला, सूं सूं सूं! ढोलीतला कापूस उडाला. सगळाच्या सगळा! बाळं कुडकुडली, चीं चीं चीं.

झुबक्याने त्यांच्यावर वाळकी पानं घातली. छाती फुगवली. म्हणाला,
“घाबरू नका. मी आहे ना! हा गेलो, हा आलो.”

टुण टुण टुणुक! झुबक्या गेला शब्बीरचाचांकडे. शब्बीरचाचा गाद्या भरायचे. दुकानात कापूसच कापूस!

“चाचा चाचा, कापूस द्या ना!
कापूस फुलला की ऊब राहील,
ऊब राहिली की बाळं राहतील!”

चाचा म्हणाले, “नाही रे बेटा, आत्ता नाही! हा बघ कापूस. दगडासारखा घट्ट. कापूस फुलला की पोटात हवा धरतो. हवा ऊब धरून बसते. मशीनमध्ये पिंजला की फुलेल. पण मशीनला वीज नाही. वाऱ्याने तार तुटली. भिवादादाला सांग जा—”

झुबक्या थांबतोय कसला? टुण टुण टुणुक! गेला भिवादादाकडे. भिवादादा वायरमन. खांबाखाली बसून होता.

“दादा दादा, तार जोड ना!
मशीन फिरलं की कापूस फुलेल,
कापूस फुलला की ऊब राहील,
ऊब राहिली की बाळं राहतील!”

भिवादादा म्हणाला, “नाही रे बाबा, आत्ता नाही!”

“मग मीच जोडतो. दातांनी!” झुबक्याने उडी मारली.

“ए ए ए! थांब, उडाणटप्पू!” भिवादादाने त्याला शेपटीलाच धरलं. “तार तांब्याची आहे. तांबं विजेला धावायला वाट देतं. वीज धावत येईल थेट तुझ्या अंगात! रबर वाट देत नाही. वीज तिथेच अडते. म्हणून मला रबरी हातमोजे हवेत. ते राहिले चहाच्या गाड्यावर. हौसाक्का देईना!”

टुण टुण टुणुक! झुबक्या गेला हौसाक्काकडे. चहा उकळत होता, बुड बुड बुड. आक्काच्या हातात हे मोठे मोजे!

“आक्का आक्का, मोजे दे ना!
तार जुळली की मशीन फिरेल,
मशीन फिरलं की कापूस फुलेल,
कापूस फुलला की ऊब राहील,
ऊब राहिली की बाळं राहतील!”

आक्का म्हणाली, “नाही रे सोन्या, आत्ता नाही! किटलीची लाकडी मूठ फुटली. राहिली नुसती लोखंडी कडी.”

झुबक्याने कडीला हात लावला.
“आई गं!”

“लावलास ना हात! लोखंड आच इकडून तिकडे पोचवतं. लाकूड अडवतं. फडकं धरावं, तर तेही ओलं. ओल्यातून चटका बसतो. म्हणून हे मोजे.”

एक गिऱ्हाईक ओरडलं, “आक्का, हा चहा आल्याचा की रबराचा?”

“गप पी!” आक्का म्हणाली. “झुबक्या, गेनूबाबाकडून मूठ आण. मग घे मोजे.”

टुण टुण टुणुक! झुबक्या गेला गेनूबाबाकडे. गेनूबाबा सुतार. करवत चालली होती, खर्र खर्र खर्र.

“बाबा बाबा, मूठ कर ना!
मोजे मिळाले की तार जुळेल,
तार जुळली की मशीन फिरेल,
मशीन फिरलं की कापूस फुलेल,
कापूस फुलला की ऊब राहील,
ऊब राहिली की बाळं राहतील!”

गेनूबाबा म्हणाला, “नाही रे पोरा, आत्ता नाही! माझं सगळं लाकूड ओलं. ओलं लाकूड तडकतं. आच नीट अडवत नाही. मला हवी वाळकी फांदी. खणखणीत!”

टुण टुण टुणुक! झुबक्या गेला बाभळीबाईकडे. बाभळीबाई जुनं झाड. अंगभर काटे.

“बाई बाई, फांदी दे ना!
मूठ बसली की मोजे मिळतील,
मोजे मिळाले की तार जुळेल,
तार जुळली की मशीन फिरेल,
मशीन फिरलं की कापूस फुलेल,
कापूस फुलला की ऊब राहील,
ऊब राहिली की बाळं राहतील!”

बाभळीबाई म्हणाली, “नाही रे राजा, आत्ता नाही! फांदी आहे. चांगली वाळून मोडलेली आहे. पण वेलीने तिला आवळून धरलंय. मी कशी सोडवू? मला का हात आहेत?”

“मला दात आहेत!” झुबक्या म्हणाला.

सरसर सरसर वर चढला. काटा टोचला. टोचू दे! वेल कुरतडली.
कुर्र कुर्र कुर्र. वेल जाडच जाड.
कुर्र कुर्र कुर्र. दात दुखले.
कुर्र कुर्र कुर्र… तट्!

वेल तुटली, फांदी पडली, धप्प!
झुबक्याने ती ओढत नेली.
फांदी मिळाली, गेनूबाबाने मूठ केली.
मूठ बसली, आक्काने मोजे दिले.
“घे बाबा! सुटला माझा चहा एकदाचा!”

भिवादादाने आधी मेन स्विच बंद केला, खट्!
मग मोजे घातले. मग तार हातात घेतली.
तार जुळली. मेन स्विच सुरू, खट्!
मशीन फिरलं, घर्र घर्र घर्र!
कापूस फुलला, भस्स भस्स भस्स! ढगच ढग!

शब्बीरचाचा म्हणाले, “घे बेटा. हवा तेवढा घे.”

झुबक्याने तोंडभर घेतला. टुण टुण टुणुक! ढोलीत ठेवला. परत आला. पुन्हा तोंडभर. पुन्हा टुण टुण टुणुक! किती खेपा केल्या? कोण मोजतंय!

बाळांच्या खाली कापूस. बाळांच्या वर कापूस. इकडे कापूस, तिकडे कापूस. वारा आला, सूं सूं सूं. आत शिरायला वाटच नाही!

बाळं आधी गप्प होती. एकदम गप्प. झुबक्याने कान लावला. थांबला. प्रथमच थांबला.

“चीं.”
“चीं.”

दोन! दोन्ही!

तेवढ्यात आई आली. तिने बाळांना हुंगलं. पोटाला नाक लावलं. गरम गरम!

“अगं बाई! कुणी केलं रे हे?”
“मी!” झुबक्या म्हणाला. “मी केलं!”

आईने त्याला चाटलं. कानामागे चाटलं. मग ती बाळांना बिलगून निजली. बाळंही निजली.

झुबक्याच्या मिशीला कापसाचा एक पुंजका चिकटला होता. एवढुस्सा. त्याने तो हळूच काढला. दोन बाळांच्या मधे बारीकशी फट होती. त्याने तो पुंजका तिथे ठेवला, आणि पंजाने अलगद दाबला.