खटक्याने सुतळी झुगारली

माणसांनी अंगण धुवायलाही यंत्रं आणली, तेव्हाची ही गोष्ट. तुळशीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि दामूअण्णा नव्या प्रेशर वॉशरने अंगणातल्या जांभ्या दगडावरचं शेवाळ काढत होते. त्याच्या पाणी मारायच्या गनचा खटका दाबून दाबून त्यांचं बोट दुखायला लागलं. मग त्यांनी दाबलेला खटका सुतळीने करकचून बांधूनच टाकला.

“सोडा मला!” खटका ओरडला. “तुमचं बोट सुटलं की पाणी बंद करायचं, हे माझं काम आहे.”

“गप्प दबून राहा,” सुतळी म्हणाली. “अण्णांना आराम हवाय.”

“त्यांनी खुशाल आराम करावा. मी दबून राहणार नाही!”

तेवढ्यात अण्णांची ओली मूठ निसटली. गन खाली पडून सापासारखी उसळू लागली. पाण्याच्या धारेने तुळशीवृंदावनाचा गिलावा उडवला आणि ती अण्णांच्या अनवाणी पायांकडे वळली. खटक्याने सगळा जोर लावला. त्याचं टोक तुटलं, सुतळी घसरली आणि पाणी बंद झालं.

“नवा कोरा खटका मोडला!” अण्णा संतापले. “थांब, आता तुला तारेनेच बांधतो.”

“बांधा! मी पुन्हा तुटेन,” खटका म्हणाला. “पण आधी खाली बघा.”

अण्णांनी खाली बघितलं. दगडात ताजा चर पडला होता आणि तो त्यांच्या अंगठ्यापाशी येऊन थांबला होता.

अण्णांनी सुतळी उचलली आणि वृंदावनाला ऊस बांधायला घेतली.