कारवीच्या मधाचा नैवेद्य

मधमाश्यांच्या त्या राज्यात थंडी उतरली की फुलं संपत, आणि फुलं संपली की 'हात' येई.

शरदात हाच हात छप्पर उचलून मधाने भरलेली पोळी घेऊन जाई. पण ते कुणाच्या ध्यानात राहत नसे. लक्षात राही ती पौषातली वाटी, साखरपाण्याने काठोकाठ भरलेली. "तो नसता तर आपलं काय झालं असतं गं!" म्हणत माश्या पंख जोडत. होता होता त्याचं व्रतच झालं. आधी वाटीला प्रदक्षिणा, मग घोट. शेवटी उद्यापन, म्हणजे घरातलं सगळ्यात गोड ते हाताला अर्पण करायचं.

यंदा घरात गोड असं एवढंच उरलं होतं: सोनकी नावाच्या माशीने कोपऱ्यातल्या कप्प्यात मेणाखाली जपलेला कारवीचा मध. तिच्या धाकट्या बहिणीला, तेरडीला, साखरपाणी सोसत नव्हतं. पोट फुगून ती भिंतीशी पडली होती. तिच्यासाठीच तो ठेवलेला.

"साखर त्याची प्यायची नि मध आपला दडवायचा? बरी गं तुझी भक्ती!" व्रत सांगणाऱ्या शेवंतीकाकू म्हणाल्या.

"काकू, तेरडी जगायला हवी ना."

"अगं वेडे, त्याला वाहिलंस तर तोच नाही का तिला बरी करणार?"

सोनकी श्रद्धाळू होती. तिने मेण फोडलं, मध वाटीशी नेऊन ठेवला.

हात आला. बोटाने मध उचलला, वर कुठेतरी चाटल्याचा आवाज झाला. बोटाला चिकटून उरलेला मध वाटीच्या काठाला पुसून हात निघून गेला.

"प्रसाद! प्रसाद ठेवला हो त्याने!" एकच झुंबड उडाली. सोनकीच्या वाट्याला कणभर आला. तो न गिळता ती धावली.

"उघड तोंड. त्याने पाठवलाय."

कितीतरी दिवसांनी तेरडीचा पंख हलला. "ताई... अगं, ही तर आपली कारवी! तूच आणलेली, डोंगरावरची."

"शू! प्रसादाला घरचा म्हणू नये," सोनकीने तिच्या तोंडावर पाय ठेवला. तेरडी हसतेय बघून तिचे डोळे भरून आले.

मग ती हाताचे आभार मानायला रांगेत जाऊन उभी राहिली. जिभेवर कारवी अजून तशीच होती.