राजाने न पाहिलेला दरबार

"मी कधीच पाहिलं नाही असं काहीतरी मला याच दरबारात दाखवा!" राजा चित्रभानूने फर्मान काढलं आणि प्रधान नारोपंतांच्या तोंडचं पाणी पळालं.

पंतांनी आधी दुतोंडी मांडूळ आणलं. मग हिरवा पोपट पिवळा रंगवून आणला. "पाहिलंय!" राजा जांभई देई. "अगदी खरं, महाराज!" दरबारी माना डोलवत.

रिवाजच तसा होता. मान खाली घालून आत यायचं, गादीला मुजरा करायचा आणि "अगदी खरं!" म्हणून मोकळं व्हायचं. महाराजांच्या तोंडाकडे बघणं म्हणजे घोर अपराध!

विड्याची पानं घेऊन आलेली पानमळेवाल्याची भिवरा हे पाहून फिस्सकन हसली.

"हसतेस?" राजा कडाडला. "मग उद्या तूच दाखव! नाही जमलं, तर तुझ्या बापाचा मळा जप्त!"

बापाने खांद्यावर घागरी वाहून वाढवलेला मळा तो! दरबार उठल्यावर तिने राजाला एकट्याला गाठलं.

"महाराज, उद्या घोंगडी पांघरून दाराशी बसा. जोड्यांपाशी."

"मी? जोड्यांपाशी?"

"गादीवरून दिसतं ते सगळं तर पाहून झालंय ना तुमचं?"

राजाने त्याच रात्री एक जुनी घोंगडी मागवून घेतली.

दुसऱ्या दिवशी दरबारी आले. खाली माना घालून त्यांनी रिकाम्या गादीला लवून मुजरे केले. नारोपंतांनी विचारलं, "महाराज, यंदा गावात तळं खोदावं का?"

गादी गप्प.

"अगदी खरं, महाराज!" पंत म्हणाले. "अगदी खरं!" सारा दरबार डोलला. सेनापतींनी तर डोळे पुसले. "असं शहाणपणाचं बोलणं महाराजांशिवाय कुणाला सुचणार!"

राजाने घोंगडी भिरकावली. "हे मात्र मी जन्मात पाहिलं नव्हतं!"

दरबाराची बोबडीच वळली. राजा लालबुंद होऊन भिवराकडे वळला. "म्हणजे माझ्यात आणि त्या गादीत फरक काय गं?"

"गादी कुणाचे मळे जप्त करत नाही, महाराज!"

"अगदी खरं!" नारोपंतांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, आणि त्यांनी जीभ चावली.

राजा आधी दचकला, मग पोट धरून असा हसला की मुकुट घरंगळून जोड्यांत पडला. भिवराच्या बापाला मळ्यालगतची जमीन इनाम मिळाली आणि तळंही तिथेच खोदायचं ठरलं. खोदायला पहिली कुदळ मात्र राजाने नारोपंतांच्या हातात दिली.