तळ माझा, घागर कुणाची?

ऐका बरं. खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक नगर होतं आणि नगरात तांबटांची आळी होती. तिथं सकाळ उजाडायची ती ठणठणाटानंच! आळीतल्या सर्वांत जुन्या तांबटाला सगळे म्हातारबा म्हणत.

काय दिवस होते ते! पत्रा कापण्यापासून काठ वळवण्यापर्यंत अख्खी घागर एकच माणूस घडवायचा. झाली की स्वतः खांद्यावर घेऊन गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायचा. घरधनीण ती भरायची आणि पहिला तांब्या त्यालाच द्यायची. "म्हातारबा, तुमच्या हातची घागर म्हणजे काय बोलायचं!" असं कुणी म्हटलं, की स्वारी आठवडाभर खूश. मजुरी मात्र तुटपुंजी. कधी कधी नुसत्या पाण्यावर निजावं लागे. उगाच खोटं का बोला?

पुढं राजानं नवा कारभारी नेमला. माणूस वाईट नव्हता हो, पण घाई फार. म्हणाला, "उद्यापासून सगळ्यांनी राजाच्या कारखान्यात यायचं. एकानं तळ ठोकायचे, दुसऱ्यानं गळे, तिसऱ्यानं सांधे जोडायचे. घागरी शिपाई पोचवतील. मजुरी दुप्पट!"

आळीत आनंदीआनंद झाला. म्हातारबांच्या भाकरीवर तूप आलं. पण रोज आपले तळ, तळ आणि तळच! त्यांचं मन उडालं. कधी एकदा दिवस मावळतो, असं त्यांना होऊन जाई.

एके दुपारी एक बाई तरातरा कारखान्यात आली. कमरेवर घागर, लुगडं ओलंचिंब.

"नदीवरून एवढी चढण चढले, तर घागरीत घोटभर पाणी नाही! लेकरू तापानं फणफणलंय, पाणी पाणी करतंय. कुणाच्या हातची ही?"

"गळा माझा. त्याला काय झालंय?" एक म्हणाला.

"तळाचा काठच वाकडा आला, मी तरी काय करू?" सांधेवाल्यानं हात झटकले.

म्हातारबांनी काठावरून बोट फिरवलं. वाकडाच होता. ठोकतानाच त्यांना तो दिसला होता. 'पुढचा घेईल बघून' म्हणून त्यांनी तो पुढं सरकवला होता. उभ्या जन्मात त्यांनी असं केलं नव्हतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाई, चूक माझी," ते म्हणाले. त्यांनी स्वतःच्या घरची भरलेली घागर उचलली, बाईबरोबर चढण चढले, आणि लेकरानं पाणी प्यायल्यावरच माघारी आले.

मग कारभाऱ्यासमोर उभे राहिले. "सरकार, मजुरी कमी करू नका. तिच्यामुळं पोट भरतंय. पण मला अख्खी घागर घडवू द्या. नाहीतर उद्यापासून मी यायचा नाही."

"दुप्पट मजुरी देऊनही?" कारभारी चिडला.

"दुप्पट घेऊनच तर हा वाकडा तळ ठोकला, सरकार!"

कारभारी उठला. त्यानं वखारीतल्या घागरी भरून पाहिल्या. निम्म्याअधिक पाझरत होत्या. त्यानं हुकूम मागं घेतला, मजुरी मात्र दुप्पटच ठेवली. त्यानंतर घागरी कमी झाल्या खऱ्या, पण एकही परत आली नाही.

तात्पर्य: योग्य मजुरी माणसाला कामावर आणते, पण काम आपलं वाटलं तरच त्याचा जीव त्यात रमतो.