मुरवण्यात होडीला डोळे काढतात तेव्हा

आता जरा गप्प उभे राहा, आणि ते मोबाईल खिशात घाला. इथून, होडीच्या नजरेआडून, समोर दिसतेय ना? वाळूवर ती नवी होडी, तिच्या पुढच्या टोकाशी ब्रश घेऊन बसलेला राजन चितारी, आणि त्याच्याकडे पाठ करून उभं राहिलेलं आमचं सगळं मुरवणे गाव. मागे एक पुण्याचे गृहस्थ हे बघून मला म्हणाले, "तुम्ही कलावंताचा अपमान करता." मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. तुम्ही निदान आधी ऐकून घ्या, मग काय म्हणायचं ते म्हणा.

असं सांगतात, की फार पूर्वी या बंदरावर लाडोजी नावाचा चितारी राहायला आला. देवळाच्या भिंती रंगवायचा, पालखी रंगवायचा, आणि होड्यांना डोळे काढायचा. त्याच्यापाशी शेत नव्हतं, जाळं नव्हतं. नुसती चित्रं काढून माणसाची चूल पेटते, हेच गावाच्या पचनी पडेना. रोज सकाळी मासे ओढणाऱ्या माणसांना वाटायचं, हा दिवसभर सावलीत बसून रंग कालवतो, म्हणजे याचं दुसरं काहीतरी चालू असणार.

त्यात त्याची एक रीत होती. होडीचे डोळे तो चारचौघांत काढायचा, पण बुबुळ भरायची वेळ आली की होडीभोवती जुनं शीड बांधायचा. समोरच्या टेकडीकडची एक फट तेवढी उघडी. आत तो एकटा. काय करतो, ते कोणाला सांगायचा नाही. बाप तसं बजावून गेला होता म्हणे, की हुन्नर सांगितला की हातचा गेला. म्हणजे बघा, गावाला त्याचा संशय आणि त्याला गावाचा.

मग एका साली चांगल्या उघडिपीच्या दिवशी इथली एक होडी गेली ती परत आलीच नाही. वारा नाही, तुफान नाही. लोकांनी लगेच शिडामागचा चितारी आठवला. कोण म्हणे तो मंत्र घालतो, कोण म्हणे परक्या बंदराला आपल्या होड्यांची नजर विकतो. तोंडं काय, सुटली की सुटली.

तेव्हाच धाकू तांडेलाने नवी होडी बांधली होती. धाकू म्हणजे गावातला मोठा नाखवा, माणूस धाडसाचा पण मनाने फार संशयी. लाडोजी आत बुबुळ भरत असताना धाकूने पुढे होऊन शीड ओढून काढलं. मागे सगळा गाव, कोणाच्या हातात काठी, कोणाच्या हातात वल्हं. आत काय होतं? एक माणूस, एक करवंटी काळा रंग आणि ओला डोळा. लाडोजी पांढराफटक पडला, पण तेव्हाही बोलला नाही. माझा त्याच्यावर राग आहे तो एवढ्यासाठीच.

धाकूचे दोन्ही मुलगे ती होडी घेऊन पहिल्या फेरीला गेले. दुपारी परतताना ती खाडीच्या मुखाशी आली, आणि वळून माघारी गेली. पुन्हा आली, पुन्हा वळली. सुकाणू किनाऱ्याकडे धरलेलं, वारा पाठचा, तरी होडी वाळूला येईना. आभाळ भरून यायला लागलं. गाव लाडोजीच्या दारात गेला आणि धाकूने त्याची मानगूट धरली.

तेव्हा कुठे लाडोजीने तोंड उघडलं. होडीचा डोळा उघडला की पहिल्यांदा जे दिसतं, तेच ती धरून बसते. म्हणून तो फटीतून तिला टेकडीवरची रवळनाथाची दीपमाळ दाखवायचा. या होडीने पहिल्यांदा पाहिली ती काठ्या घेतलेली माणसं. ती आता घाबरते, या किनाऱ्याला यायचीच नाही.

धाकूला हेही खरं वाटलं नाही. पण पोरं त्याची होती.

लाडोजी करवंटी घेऊन छोट्या डोणीत बसला. जाताना ओरडून सांगितलं, "सगळ्यांनी पाठ करा! मी सांगीसर कोणी वळू नकात!" साऱ्या गावाने समुद्राकडे पाठ केली. मागे लाटा वाढत होत्या. जुने डोळे पुसून नवे काढायला किती वेळ लागला, ते कोणी सांगत नाही. मध्येच एक हाक आली म्हणे. एकदाच. एक बाई वळायला लागली, तर धाकूने तिचा दंड घट्ट धरला. "वळू नको! ह्यो त्येचो कायतरी डाव आसतलो!"

मग वाळूवर होडी घासल्याचा आवाज आला. तरीही सगळे तसेच उभे, कारण लाडोजी अजून 'वळा' म्हणाला नव्हता. शेवटी धाकूच्या पोरांनीच बापाला हाक मारली. वळून बघतात तर दोन्ही मुलगे धडधाकट, होडीला काळेभोर नवे डोळे, आणि पाण्यावर फुटक्या डोणीच्या फळ्या. लाडोजी कुठेच नाही. होडी जोरात निघाली तेव्हा तो तिच्या तोंडाशीच होता.

खरंखोटं रवळनाथ जाणे. सांगणारे सांगतात की ती हाक वाऱ्याची होती. मला ते पटत नाही. एवढा गाव उभा होता, आणि माणसाची हाक कोणालाच ओळखता आली नाही? ती सगळ्यांनी ओळखली असणार.

आजही मुरवण्यात बुबुळ भरताना आम्ही पाठ करतो. पण गप्प राहत नाही. ऐका, तो आवाज आमच्या विचारण्याचाच. गावातून कोणीतरी विचारतं, "चिताऱ्या, आसस मां?" म्हणजे आहेस ना, आणि राजनला लगेच म्हणावं लागतं, "आसंय." तो 'वळा' म्हणेपर्यंत हे असंच चालतं. गेल्या वर्षी त्याचा रंग सांडला आणि उत्तर द्यायचं राहिलं. तर त्याच धाकूच्या घराण्यातली लक्षुमीकाकी सगळ्यांच्या आधी वळली आणि चढत्या भरतीच्या गुडघाभर पाण्यातून धावत त्याच्यापाशी गेली. होडीने पहिल्यांदा काकीचंच तोंड पाहिलं. डोळे खरवडून पुन्हा काढावे लागले, अख्खा दिवस मोडला. गावात कोणी तिला एका शब्दाने बोललं नाही.