पुतळ्याची आंघोळ

सांगवडच्या ख्रिस्ती दफनभूमीत कमरेएवढं गवत माजलं होतं. दफनाच्या वेळी घरच्यांनी नगरपालिकेत ठेव ठेवायची आणि तिच्या व्याजातून थडग्यांची कायमची देखभाल व्हायची, अशी तिथली जुनी रीत. नगराध्यक्ष शहाजीराव मोहोळे यांनी काही वर्षांपूर्वी ते व्याज चौकातल्या कारंज्याकडे वळवलं. मेलेले मत देत नाहीत, एवढा हिशेब त्यांना येत होता.

ईस्टरच्या तोंडावर रूथबाई शिणगारे पालिकेत गेल्या. शहाजीराव हसून म्हणाले, "बाई, मेलेल्या माणसाला गवत टोचतं का? त्याला काय कळतंय?"

"खरं आहे," रूथबाई म्हणाल्या. "मग चौकात तुमच्या वडिलांच्या पुतळ्याला पालिकेचा माणूस रोज आंघोळ घालतो, त्याला उद्यापासून आमच्याकडे पाठवा. त्यांना तरी काय कळतंय?"

दुसऱ्याच दिवशी गवत निघालं.

ईस्टरच्या पहाटे रूथबाई मेणबत्ती घेऊन गेल्या. गवताखाली लाकडी क्रूस केव्हाच कुजून गेले होते. नवऱ्याची, दावीद मास्तरांची, जागा कुठली ते त्यांना ओळखता येईना. शेवटी दोन उंचवट्यांच्या मधे त्यांनी मेणबत्ती लावली.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "पालिकेत एवढं एक वाक्य बोलायला मी फार पावसाळे घालवले."