सोमवार बैलांचा

एका राज्यात पेरणीला एकही चांगला दिवस उरला नव्हता, आणि त्या घोराने राणी हेमलेखेची झोप उडाली होती. कालदंड मांत्रिकाने वारच शापून ठेवले होते. मंगळवारी नांगर धरला की फाळाचा नाग होई, अवसेला पेरलं की बियांचे निखारे होत, सोमवारी जुंपलेला बैल जागीच कोसळे. "अवसेला जन्मलेली राजकन्या द्या, वार मोकळे करतो," असा त्याचा निरोप होता. दरबारी आता राणीच्या लेकीकडे, अवसेला जन्मलेल्या लहानग्या चांदणीकडे चोरून बघू लागले होते.

राणी शास्त्रं शिकलेली. तरी शनिवारी नखं कापायची तिची छाती होत नसे. असल्या बाईने शाप मोडायचा म्हणजे नवलच, असं तिला स्वतःलाच वाटे. पण पोर तिची होती. ती शेतावर गेली.

बांधावरची टिटवी म्हणाली, "बाई, माझी अंडी उघड्या मातीत. मी वार बघत बसले असते, तर पिल्लं कधी झाली असती?"

कालदंड प्रकटला. "मंगळवारी नांगर, अवसेला पेर, सोमवारी कुळव फिरवून बी मातीआड कर. तिन्ही झाली, तर वार मोकळे. एक काम राहिलं, तर मुलगी माझी."

मंगळवारी फाळाचा नाग झाला. राणीने नांगराच्या रुमण्यावरची मूठ सोडली नाही. नाग निमूट तास काढत गेला. अवसेला ओंजळीत निखारे फुलले. तळवे पोळले, तरी तिने ते पेरले, आणि मातीला लागताच त्यांचं बी झालं.

सोमवारी बैल गोठ्यात रवंथ करत होते. राणीने दावं सोडलंच नाही.

"भ्यालीस. शेवटी वार मानलासच," कालदंड हसला.

"तुझी भीती नाही मानत. बैलांचा सोमवारचा विसावा मानते," राणी म्हणाली आणि तिने जू स्वतःच्या मानेवर घेतलं.

जू एका बाजूला कलंडलं. तेव्हा बांधावर उभ्या असलेल्या राजाने मुकुट शेतावरच्या गड्याच्या हाती दिला आणि दुसरं टोक उचललं.

गडी म्हणाला, "सरकार, पाय जरा नेटाने टाका. आमचा ढवळ्या बरा चालतो."

दिवस मावळायच्या आत बी झाकलं गेलं. कालदंडाचं जागच्या जागी बुजगावणं झालं, आणि टिटवी त्याच्या डोक्यावर जाऊन बसली. साती वार सुटले. गावोगाव पेरणीच्या पाभरी निघाल्या, आणि दरबाऱ्यांनी चांदणीला पालखीत बसवून वाजत गाजत शेतावर आणलं.

चांदणीने आईच्या मानेवरचा वळ बोटाने चाचपला. मग म्हणाली, "सोमवार बैलांचा. आई, तुझा वार कुठला गं?"